वांगणीच्या आकाशातील हिरवी काठी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर मागे पडले की वांगणी येते. चंदेरीच्या डोंगराजवळचे हे गाव मुंबई-ठाण्याच्या आकाशप्रेमींच्या चांगल्या परिचयाचे आहे. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम येथे अनेक वर्षे होत आले आहेत. माघातील अमावास्येच्या सुमारास आपण येथे आलात, तर रात्री आठच्या आसपास मृग नक्षत्र दक्षिणेकडे उंच आलेले दिसेल.

मात्र उंच आकाश पाहणे वयस्कर मानेला जड जाते. शेजारचा माणूस बोटाने दाखवतो, "तो बघा व्याध!" आणि आपली नजर भलत्याच ताऱ्यावर स्थिरावते. दोष दृष्टीचा नसतो. दाखवणाऱ्याचा डोळा आणि आपला डोळा यांत अंतर असल्याने त्याचे बोट आपल्याला निराळ्या दिशेला दिसते.

येथे हिरवा लेसर उपयोगी पडतो. हवेतील रेणू आणि धूलिकण त्याचा प्रकाश विखुरतात, आणि आपल्या डोळ्यांना हिरवा रंग अंधारात ठळक जाणवतो. म्हणून ताऱ्याकडे जाणारी बारीक रेघ दिसते. आजी-आजोबांची खुर्ची मात्र दाखवणाऱ्याच्या अगदी शेजारी ठेवावी. दूर बसलेल्याला रेघेचे टोक दुसऱ्याच ताऱ्यापाशी दिसते.

काही दुर्बिणींच्या नळीवर हा लेसर खोबणीत बसवता येतो. एखादा तारा दुर्बिणीत मधोमध आणून, रेघेचे टोक त्याच ताऱ्यावर येईपर्यंत खोबणीचे स्क्रू फिरवावेत. मग शोधक-दुर्बिणीत डोकावण्यासाठी कंबर वाकवावी लागत नाही. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली रेघ नेली, की सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ दुर्बिणीत धूसर ढगासारखा उमटतो. ध्रुव शोधायचा असेल, तर रेघ उत्तर क्षितिजापासून केवळ १९ अंश वर न्यावी. त्यासाठी मान वर करण्याची फारशी गरजच नाही.

तथापि ही काठी खेळणे नव्हे. तिचा किरण थेट डोळ्यांत गेल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. ५ मिलिवॅटपेक्षा अधिक शक्तीचे उपकरण घेऊ नये. लेबलाविना मिळणारे स्वस्त उपकरण तर टाळावेच, कारण त्यातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही निसटू शकतात. लेसर एकाच जाणत्या माणसाच्या हाती असावा, नातवंडांच्या नव्हे. मुंबईची विमाने या आकाशातून जात असतात. दिवे दिसताच बटण सोडावे, कारण या झोताने वैमानिकाची दृष्टी दिपू शकते. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावरही तो कधी रोखू नये.

सोबत नेणाऱ्यांनी पाठ टेकता येईल अशी आरामखुर्ची, कानटोपी, शाल, दूरचा चष्मा आणि पायवाटेसाठी लाल विजेरी घ्यावी. डोळे अंधाराला सरावण्यास अर्धा तास लागतो, उतारवयात त्याहूनही अधिक; पांढरा दिवा लावला की ती सारी कमाई वाया जाते. उठताना आधी क्षणभर बसावे, भोवळ येत नाही ना ते पाहावे आणि मगच पाऊल टाकावे.

तारा एकदा सापडला, की लेसर बंद करावा. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आपल्यापर्यंत आला आहे. त्याच्याकडे थोडा वेळ निवांत पाहत राहावे.