पाच हर्ट्झ

माझ्या घरगुती बीकन ट्रान्समीटरचं काम एवढंच: सत्तर लाख हर्ट्झच्या जरा वर मुक्काम ठोकायचा आणि मोर्सच्या प्रत्येक टिंबा-रेघेला पाच हर्ट्झ सरकून परत यायचं. पठ्ठ्या आठ सरकायचा. स्क्रूड्रायव्हरनं ट्रिमर पिळून पाच केले. हात काढला की पुन्हा आठ! लोखंड आणि माझा हात, दोघांनाही तो हिशेबात धरत होता. शेवटी सौ.ची प्लास्टिकची विणायची सुई तासली (जळगावात स्वेटर घालतो कोण!) आणि पाच जमले. तेवढ्यात तिनं कूलर लावला. गार वाऱ्यानं क्रिस्टल बिथरला, मुक्कामच वीसेक हर्ट्झ हलला.

"अगं, बंद कर!"

"मे महिन्यात? आधी माझी सुई द्या."

डबा थर्माकोलमध्ये गुंडाळून मी मुकाट्यानं कूलरसमोर बसलो.