पाचव्या हॅशची गंमत

नोड सिंगल-थ्रेडेड आहे, असं जो तो ऐकवतो ना? मग हे करून बघाच, आणि करताना वेळ मोजा!

क्रिप्टो मॉड्यूलमधलं पीबीकेडीएफ२ घ्या. पासवर्डचा हॅश काढायचं काम, मुद्दामच संथ, प्रोसेसरला घाम फोडणारं. एका हॅशला सेकंदभर लागेल इतकी आवर्तनं ठेवा आणि कॉलबॅकवालं फंक्शन लागोपाठ चारदा कॉल करा. चार सेकंद लागतील? छे! चार कोअरच्या मशीनवर साधारण सेकंदाभरात चारही ओळी टर्मिनलवर धडाधड येऊन पडतात. सेटइंटरव्हल लावून टिंबं छापत ठेवली असतील, तर तीही मजेत चालू. आता पाचवा हॅश जोडा. चार एकदम येतात आणि पाचवा मागाहून, सेकंदभराने, एकटाच!

मी खुर्चीतून उठलोच. या पाचव्याने सगळं बिंग फोडलं की! नोडच्या पोटात लिबयूव्ही नावाची सी भाषेतली लायब्ररी आहे आणि तिने चार थ्रेडचा पूल बाळगलाय. कॉलबॅक दिला म्हणून काम हवेत होत नाही, कुणाला तरी ते करावंच लागतं. इथे चार गडी राबतात आणि पाचवं काम रांगेत उभं.

थांबा, खरी मजा पुढेच आहे. चार हॅश सोडून लगेच एक चिमुकली फाइल वाचायला सांगा. अडकते! लिनक्सचं ईपोल सॉकेटवर नजर ठेवतं, साध्या फाइली मात्र घेतच नाही. म्हणून त्या वाचायलाही हाच पूल. डीएनएस लुकअपही इथेच. म्हणजे सकाळी लॉगिनची झुंबड उडाली की बाहेरच्या एपीआयचा पत्ता शोधणं रखडणार, आणि शिव्या खाणार बिचारं नेटवर्क!

यूव्ही_थ्रेडपूल_साइझ ८ ठेवून प्रोसेस सुरू केली की गडी वाढतात. कमाल १०२४. अर्थात कोअर चारच असतील तर हॅशचा एकूण वेळ तेवढाच राहणार, पण फाइल तरी बिचारी सुटते.

आपण स्वतः लिहिलेला लूप किंवा अगडबंब जेसनचं पार्सिंग मात्र या पुलात जातच नाही. ते मुख्य थ्रेडवरच चालतं आणि तेवढा वेळ सगळे ग्राहक ताटकळतात. लूपचे तुकडे करून सेटइमिजिएटने पुढे ढकलता येतात. (नेक्स्टटिक नको, ती रांग संपेपर्यंत इव्हेंट लूप जागचा हलत नाही.) नाहीतर वर्कर थ्रेड, जे २०१८ साली १०.५ आवृत्तीत प्रयोग म्हणून आले: काम पोस्टमेसेजने पाठवा, उत्तर मेसेजने घ्या. वर्कर उभा करायलाही वेळ लागतो, त्यामुळे दर रिक्वेस्टला नवा काढणं परवडत नाही. चारदोन आधीच तयार ठेवायचे आणि कामं वाटून द्यायची.

म्हणजे पूल आता आपणच बांधायचा! आज रात्री बसतोच.