वाळूखालचे पाणी

मला दोन माहेरे आहेत. एक सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, जिथे आई राहते. आणि दुसरे नैरोबीला, जिथे धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बिऱ्हाड करून आहे. 2019 च्या उन्हाळी सुट्टीत मी या दुसऱ्या माहेरी निघाले, तेव्हा शेजारच्या काकूंनी सिंहापासून जपायला सांगितले, आमच्या ह्यांनी कॅमेरा हाती दिला आणि लेकीने लाकडी जिराफ मागितला. जिराफ मी आणला. सिंह काही भेटला नाही. कॅमेऱ्यातली चित्रे पाहून मात्र घरची मंडळी हिरमुसली. कारण त्यांत होती एक अर्धवट भिंत, ढीगभर दगड आणि ते दगड वाहणाऱ्या बायका!

त्याचे असे झाले. भावाच्या कचेरीत एक अकांबा गृहस्थ आहेत. नैरोबीच्या आग्नेयेला मचाकोस, मकुएनी आणि किटुई हे जे परगणे लागतात, तो त्यांच्या लोकांचा मुलूख, म्हणजे उकांबानी. बोलता बोलता दुष्काळाचा विषय निघाला आणि मी आमच्या माणदेशाचे नाव घेतले. ते हसून म्हणाले, “मग तुम्ही सिंह कशाला बघता? आमच्या गावी चला. तिथे नदीत वाळू पेरायचे काम चालू आहे.”

मोटार सकाळीच निघाली. मचाकोस मागे पडले, डांबरी रस्ता सुटला आणि तांबड्या मातीची वाट लागली. दोन्ही बाजूंना टेकड्या, बाभळीसारखी काटेरी झाडे, मधूनच आंब्याची बाग. टेकड्यांच्या अंगावर पायऱ्या कोरलेल्या दिसल्या. त्या होत्या बांधबंदिस्तीच्या. त्यांना तिथे ‘फान्या जू’ म्हणतात; चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला टाकायची. इंग्रजी अमदानीत सरकारने लोकांकडून सक्तीने बांध घालून घेतले, तेव्हा लोकांना त्या कामाचा तिटकारा होता. पुढे त्याच लोकांनी आपल्या गटांतून, आपल्या सोयीने हे बांध आपण होऊन घातले. फावडे तेच, टेकडीही तीच. हुकूम तेवढा गेला होता.

नदीवर पोहोचलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. नदी कसली, वाळूचा रुंद पट्टा! त्यात एक बाई गुडघे टेकून बसली होती. हाताने वाळू उकरून तिने खळगा केला होता आणि तळाशी जमणारे पाणी ती भोपळ्याच्या कवटीने पिवळ्या डब्यात भरत होती. माझ्या लहानपणी आई माणगंगेच्या पात्रात अस्सेच झरे उकरी. वाटीवाटीने घागर भरायची आणि तोवर मी काठावर पाढे म्हणत बसायचे. सातासमुद्रांपलीकडे येऊन मी आईचाच खळगा पाहत होते.

त्या बांधाची सारी युक्ती या खळग्यातूनच निघाली आहे. कोरड्या नदीच्या पात्रात कातळ लागेपर्यंत खणायचे आणि त्यावर दगड-सिमेंटची भक्कम भिंत आडवी घालायची. पावसाळ्यात पूर येतो. गाळाचे हलके कण भिंतीवरून निघून जातात, जड वाळू मागे बसते. एक-दोन पावसाळ्यांत, कुठे चार-पाचांत, मागची बाजू वाळूने काठोकाठ भरते. आपल्याला वाटेल, बांध वाया गेला! पण त्या वाळूच्या आकारमानाचा चौथा हिस्सा, कधी 40 टक्क्यांपर्यंतही, पाण्याचा असतो. वरून ऊन कितीही तापो, वाळूखालचे पाणी फारसे उडत नाही. त्यात डास होत नाहीत. वाळूतून गाळले गेल्याने ते नितळ येते. शिवाय पुराच्या पाण्यापैकी फारच थोडे अडते, त्यामुळे खालच्या गावांच्या तोंडचे पाणी पळत नाही.

या कामाला तिथे मोठी परंपरा आहे. मचाकोसजवळच्या कोला भागात जोशुआ मुकुस्या या गृहस्थांनी 1978 साली शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून ‘उटूनी’ नावाचा गट उभा केला. पुढे 1985 साली सायमन मॅड्रेल नावाचा एक तरुण तिकडे गेला आणि बांधाच्या कामाला लागला; त्याने 2002 मध्ये ब्रिटनमध्ये या कामासाठी ‘एक्सलंट डेव्हलपमेंट’ ही धर्मादाय संस्था काढली. अशा संस्था सिमेंट आणि लोखंड देतात, जाणते गवंडी आणि तंत्रज्ञ देतात. दगड, वाळू, पाणी आणि घाम मात्र गावाचा.

हा घाम मी डोळ्यांनी पाहिला. पन्नासएक माणसे कामावर होती, त्यांत बायकाच अधिक. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर ओझे पेलायची त्यांची रीत. कुणाच्या पाठीवर दगड, कुणाच्या पाठीवर पाण्याचा डबा, एकीच्या पाठीवर तान्हे मूल. अशा गटाला त्यांच्या भाषेत ‘म्वेथ्या’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीची सख्खी बहीणच! एक मुलगी वहीत हजेरी मांडत होती. ज्या घरचे माणूस आले नाही, त्या घराने दुसऱ्या दिवशी भरपाई करायची.

‘हरांबे’ अशी आरोळी उठली, तेव्हा माझे कान टवकारले. 1963 साली देश स्वतंत्र झाला आणि जोमो केन्याटांनी हाच शब्द राष्ट्राचा मंत्र केला. रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या मजुरांच्या ‘हर अंबे’ वरून तो आला, असे भावाने मला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. मी ते तिथल्या शाळामास्तरीणबाईंना ऐकवले. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, “ही गोष्ट आम्हीही ऐकतो. पण शब्द किनाऱ्यावरच्या स्वाहिलीतला आहे, आमचाच आहे.” भाषेच्या प्राध्यापिकेने मुकाट्याने मान डोलावली.

दुपारी झाडाखाली जेवण झाले. सडलेला मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला ‘मुथोकोई’, आणि वर दुधाचा गोड चहा. त्यालाही ते ‘चाय’च म्हणतात. गटाची पुढारी एक सत्तरीची आजीबाई होती. सगळे तिला ‘मामा’ म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मी शिक्षिका म्हणून ती मला ‘म्वालिमु’ म्हणू लागली. मास्तरीणबाई मध्ये बसून आमचे बोलणे एकमेकींना सांगत होत्या.

मी मोठ्या उत्साहाने सांगितले, की मीसुद्धा माझ्या गावाला पाणी दिले आहे. आणि ते खरेच होते. 2014 साली सहकाऱ्यांकडून आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून वर्गणी जमवून मी गावात विंधन विहीर पाडली आणि हातपंप बसवला. देणगीदारांच्या नावांची फरशी बसली. माझे नाव सर्वांत वर. दोन वर्षांनी, 2016 च्या दुष्काळात, गावी गेले तर पंपाचा दांडा तुटलेला आणि खांबाला म्हैस बांधलेली! गावाला किंमत नाही म्हणून मी चारचौघांत बोलले. त्यानंतर गावात जाणेही कमी केले.

हे सारे ऐकून घेऊन मामाने विचारले, “जागा कोणी दाखवली?”

“कंत्राटदाराने.”

“खड्डा कोणी खणला?”

“त्याच्याच यंत्राने.”

“आणि मोडल्यावर गावाने कोणाला निरोप धाडला?”

“मला.”

ती थोडा वेळ चहा पीत राहिली. मग म्हणाली, “तर मग तो तुझाच पंप होता, म्वालिमु. तुझाच मोडला.”

बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र घास गिळेना.

सारे काही तिथे आलबेल आहे असे नाही. जागा चुकली तर बांधामागे वाळूऐवजी चिखल साचतो. पुराने कडेची माती खाल्ली तर नदी भिंतीला वळसा घालून निघून जाते. आणि नैरोबीच्या इमारतींना वाळू लागते, तेव्हा रातोरात नदी उपसणारी ट्रकवाली मंडळी तिथेही आहेत. मकुएनी परगण्याने 2015 साली वाळूच्या रक्षणासाठी कायदा केला. पण कायद्याआधी जागतो तो काठावरचा माणूस, आणि तोही भिंतीत त्याचा दगड असेल तरच.

निघताना मीही एक दगड उचलला. दहा पावलांत दम लागला. बायका खळखळून हसल्या.

त्या वर्षाअखेर तिकडे पाऊस धो धो झाला. भिंत टिकली, मागे वाळू बसू लागली, असे भावाने कळवले. मी गावी गेले ती 2021 च्या दिवाळीत. या वेळी वर्गणीचे पुस्तक नेले नव्हते. आईच्या ओसरीवर बायका जमल्या. “पंप मी बसवला, पण तुम्हाला विचारले नाही; चुकले माझे,” एवढेच म्हणाले. मग तासभर नुसते भांडण झाले. म्हैस कोणाची होती इथपासून सुरुवात! शेवटी घरटी शंभर रुपये काढायचे ठरले आणि पान्हे चालवायला दोन सुना तयार झाल्या.

महिन्याभराने आईचा फोन आला. पंप चालू झाला होता. मी भीत भीत फरशीची चौकशी केली.

“काढली की,” आई म्हणाली. “चांगली घोटीव आहे. पंपाशेजारी धुणं धुवायला टाकलीय. नावं खाली केलीत, कापडं फाटू नयेत म्हणून.”