फावडी

२००६ चा फेब्रुवारी नवापूरकर विसरणार नाहीत. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या गावात निघाला. पांढरे पोशाख घातलेली, तोंड बांधलेली माणसं शेडमध्ये शिरली आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या खड्ड्यांत गेल्या. त्या दिवसांत आमच्याकडे पाहुणा म्हणून कोणी आला नाही. सोयरे फोनवरच खैरियत विचारत. मोहल्ल्यातला एक ठरलेला निकाह पुढे ढकलला गेला; आता ते हसत सांगता येतं.

सहा महिन्यांनी सुरत बुडाली.

तापी आमच्याच जिल्ह्यातून, सारंगखेडा-प्रकाशावरून खाली जाते आणि उकाईच्या धरणात साठते. त्या ऑगस्टात वरच्या अंगाला पाऊस थांबेना. धरणाचे दरवाजे उघडले, विसर्ग वाढत वाढत नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला. त्यात पौर्णिमेची भरती. रांदेर, अडाजण, नदीकाठचं सगळं पाण्याखाली. धरण आधीच थोडं रिकामं का ठेवलं नाही, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

इशाची नमाज झाल्यावर मशिदीच्या ओट्यावर विषय निघाला. आम्ही दोघे भाऊ आणि चार दोस्त. सगळ्यांच्या शेड रिकाम्या. एक चाचा म्हणाले, "२००२ विसरलात का रे? कोणासाठी जाता?" ओट्यावर कोणी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं सोपं नव्हतंच. खरं सांगायचं तर निघण्यामागे सवाबाची ओढ किती आणि रिकाम्या शेडकडे बघत बसण्याचा कंटाळा किती, हे आम्हाला आजही वेगळं काढता येत नाही.

पण अडचण घरात होती. आमची अंडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे जात. फेब्रुवारीत त्याच्याकडे दीड महिन्याचे पैसे अडकले. माल फेकावा लागला म्हणून त्यानं हात वर केले, मग फोन उचलणंही बंद केलं. अब्बांनी ते मनात ठेवलं होतं.

"त्याच्या घरातला गाळ काढायला जाणार तुम्ही?"

अम्मी चुलीजवळूनच म्हणाली, "गाळ काय त्याच्या एकट्याच्या घरात आहे?"

अब्बा जेवण अर्धवट टाकून उठले. आम्ही रात्रभर 'जायचं, नाही जायचं' करत राहिलो. थोरला म्हणाला, बापाला दुखवून कसली खिदमत? धाकट्याचं म्हणणं, फेब्रुवारीत आपल्याकडे कोणी फिरकलं नाही म्हणून आपण रडलो, आता आपणही तेच करायचं?

सकाळी टेम्पो भरला. अंडी वाहणारा तोच टेम्पो. शेडमधली फावडी, घमेली, खराटे आणि फेब्रुवारीत उरलेल्या चुन्याच्या गोण्या. अब्बा आले, गमबुटांचे दोन जोड आत फेकले. "गाळात अनवाणी उतरू नका, लेप्टो होतो." मग खिशातून चिठ्ठी काढली. व्यापाऱ्याचा पत्ता. "सापडला तर बघा. पैशाचं काढू नका."

रांदेरला पाणी ओसरलं होतं, पण तळमजल्यावर गुडघाभर गाळ. ज्या म्हातारीच्या घरात पहिलं फावडं घातलं, तिनं गाव विचारलं. नवापूर म्हटल्यावर ती एक पाऊल मागे सरली. "बर्ड फ्लूवाळा?" आम्ही गप्प. तिनं आमच्याकडे पाहिलं, गाळाकडे पाहिलं आणि माडीवरून चहा आणला, घरातल्याच कपांत.

चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचं घर सापडलं. कुलूप होतं. बारडोलीला पाहुण्यांकडे गेलेत, शेजारी म्हणाले. आम्ही ओट्यावरचा गाळ काढला, चुना टाकला आणि पुढच्या घराकडे वळलो.

परतल्यावर अब्बांनी एवढंच विचारलं, "त्याच्याकडे पाणी कुठपर्यंत होतं?"

भिंतीवरचा डाग आम्ही हातानं दाखवला, डोक्याच्या वर.

ते थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फावडी धुऊन ठेवा. गंज धरतात."