सातपूरच्या गल्लीतून कॉकपिटपर्यंत

दोस्तांनो, नाशिकच्या सीबीएसवरून त्र्यंबक रस्त्याला लागलात, की चौकांची नावं वाचत चला. मायको सर्कल, एबीबी सर्कल, आयटीआय सिग्नल! इतर गावांत चौकांना थोर माणसांची नावं असतात. इथे ती कारखान्यांची आणि कारागीर घडवणाऱ्या संस्थेची आहेत. अशी नावं यायला लागली, की समजा, सातपूर आलं!

सातपूरच्या एमआयडीसीत मोटारगाड्या बनतात, टायर बनतात, डिझेल इंजिनाची नोझलं बनतात. पण खरी गंमत मोठ्या फाटकांत नाही, आतल्या गल्ल्यांत आहे. अर्धं वर केलेलं शटर, आत गरगरणारा लेथ, खाली पडणाऱ्या धातूच्या कुरळ्या पट्ट्या आणि तेलाचा वास. कुठे स्प्रिंग वळतात, कुठे बेअरिंग बसवतात, कुठे वायरिंगचे पॅनल जोडतात. नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, आग्रा रस्त्यावर, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे ‘एचएएल’चा विमान कारखाना आहे. त्याला सुटे भाग करून देणारे कितीतरी छोटे कारखाने सातपूर आणि अंबडमध्ये आहेत.

आणि ओझर म्हणजे काय, माहीत आहे ना? १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी तिथे कारखाना उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय तिथेच तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथून आकाशात झेपावलं!

तुमच्यापैकी काहीजण ही विमानं घरच्या कॉम्प्युटरवर उडवत असतील. ‘डीसीएस’ नावाच्या सिम्युलेटरमध्ये तर ओझरला बनलेल्या मिग-२१ बिस या जातीचं विमान जसंच्या तसं आहे. मग वाढदिवस आला, की घरी हट्ट सुरू होतो, “बाबा, जॉयस्टिक हवी!” बाबा किंमत ऐकतात आणि चष्मा काढून पुसायला लागतात. म्हणूनच कोणती जॉयस्टिक घ्यायची, हे आज आपण सातपूरच्या कारागिराच्या नजरेने पाहू.

त्याआधी एक छोटी गोष्ट. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला भाता असतो ना, तसे मोठाले भाते तिथे असत. १९२९ च्या सुमाराला लिंकने तेच भाते वापरून एक खोटं विमान बनवलं. दांडी हलवली, की भात्यांत हवा भरे आणि ते डुले, कलंडे. लोकांना वाटलं, जत्रेतला पाळणा! १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम येऊन पडलं. हिवाळा, धुकं, अंधार. काही आठवड्यांतच अनेक वैमानिक प्राणाला मुकले. तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रं घेतली.

आपल्याकडेही याची किंमत मोजली गेली आहे. मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने उतरायला येत असे. नवे वैमानिक संथ विमानांवरून जवळजवळ थेट त्यावर जात. मधल्या पायरीचं ‘हॉक’ हे प्रशिक्षण विमान हवाई दलात दाखल झालं ते २००८ मध्ये. तोवर कितीतरी तरुण वैमानिक अपघातांत गेले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा कौतुकाबरोबर त्यांचीही आठवण निघाली.

म्हणजे सिम्युलेटर हाताला सवय लावतो. आणि दांडीच खोटं बोलत असेल, तर सवयही खोटीच लागणार. म्हणून डब्यावरचे रंगीत दिवे सोडा, चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : तुमचं विमान कोणतं? मिग-२१, सुखोई, तेजस, तिघांचीही दांडी वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असते. राफेलची उजव्या हाताशी, बाजूला. अमेरिकेच्या एफ-१६ ची तर इतकी विचित्र, की सुरुवातीला ती हलतच नसे, हाताचा नुसता दाब ओळखे! मिग-२१ च्या दांडीवर सायकलसारखा चिमटीत दाबायचा ब्रेक आहे. तुमची जॉयस्टिक टेबलावर बसते आणि आखूड असते. आखूड दांडी जराशी ढकलली, तरी विमान खूप वळतं. लांब दांडीला हात जास्त फिरवावा लागतो, पण नेम बारीक साधतो. म्हणून ती टेबलाच्या कडेला, हात मांडीजवळ राहील अशी पक्की बसवा. चाळीस टक्के भांडणं घसरणाऱ्या जॉयस्टिकशीच होतात, असं मी गमतीने म्हणतो!

दुसरा प्रश्न : दांडी कुठे आहे, हे यंत्राला कसं कळतं? साध्या जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसाच. आत कार्बनच्या पट्टीवर एक पातळ पाता घासत फिरतो. घासून घासून पट्टी झिजते. जुना रेडिओ आवाज वाढवताना खरखरतो ना? तशीच ही दांडी खरखरते, आणि विमान आपोआप झटके देतं. दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. चुंबक जवळून फिरला, की सेन्सरला कळतं. कशाला काही घासतच नाही. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये हा गुण शोधला. डब्यावर ‘हॉल’ लिहिलं असलं, तरी दुकानदाराला विचारा, “फक्त पुढे-मागे, डावी-उजवीकडे, की दांडी पिळतो त्यालाही?” बऱ्याचदा पिळण्याला जुनाच पोटेन्शिओमीटर असतो, बरं का!

तिसरा प्रश्न : आतला सांधा कसा आहे? सातपूरचा फिटर यंत्राला हात लावून सांगतो, “याला प्ले आलाय.” म्हणजे दोन भागांत फट पडलीये. जॉयस्टिकचंही तसंच. हात सोडल्यावर दांडी नेमकी मध्यावर यायला हवी. सांधा प्लॅस्टिकचा आणि ढिला असेल, तर ती कधी डावीकडे थांबेल, कधी उजवीकडे. धातूचा सांधा आणि बेअरिंग असेल, तर ती वर्षानुवर्षं इमानदार राहते.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये ‘joy.cpl’ असं इंग्रजीत टाइप केलं, की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. दांडी सावकाश फिरवा. पडद्यावरची फुली सरळ सरकली पाहिजे, उड्या मारता कामा नये. हात सोडा. फुली मध्यावर आली का? हेच दहा वेळा करा. जुनी जॉयस्टिक विकत घेताना ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका!

चौथा प्रश्न : डावा हात आणि पाय काय करणार? डाव्या हातात थ्रॉटल. मिग-२१ आणि तेजसला एकच इंजिन, म्हणून एक दांडा पुरे. सुखोईला दोन इंजिनं, म्हणून दोन. पायाखाली रडरची पायडलं. इथे मात्र सायकल विसरा! सायकलच्या हँडलची डावी बाजू पुढे ढकलली, तर चाक उजवीकडे वळतं. विमानात डावं पायडल दाबलं, की नाक डावीकडे जातं. पायडलं महाग असतात, म्हणून सुरुवातीला पिळता येणारी जॉयस्टिक घ्या. ती पिळली, की रडर फिरतं. पायडलं नंतर, थ्रॉटल त्याच्याही नंतर.

आणि थ्रॉटल विकतच का घ्यायचा? लिओनार्डो जातीचं आर्डुइनो, सरकपट्टीचा एक पोटेन्शिओमीटर आणि तीन वायरी एवढ्यात तो होतो. त्या छोट्या बोर्डाला योग्य प्रोग्रॅम दिला, की कॉम्प्युटर त्याला जॉयस्टिकच समजतो. सारं यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतं, त्यामुळे शॉकची भीती नाही. फक्त डाग लावताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. पट्टी बसवायला खोका लाकडाचा चालेल, पत्र्याचा चालेल. लिंकने तरी काय केलं? घरच्या कारखान्यात भाते होते, त्याने भाते वापरले.

आता जॉयस्टिक मनातल्या मनात उघडून पाहा. आत काय आहे? स्प्रिंग, बेअरिंग, खटके, वायरी आणि एक घोटीव सांधा. म्हणजे सातपूरच्या गल्लीत रोज जे हाताळलं जातं, तेच! तिथे ओळखीचं कुणी काम करत असेल, मामा, काका, शेजारचे दादा, तर रविवारी त्यांना गाठा. त्यांना विचारा, “काका, सांध्यातला प्ले कसा ओळखायचा?” ते सांगतील ते हाताने करून बघा. मगच दुकानाची पायरी चढा. बाबांनाही बरोबर न्या. या वेळी चष्मा पुसायच्या आधी तेच तुम्हाला विचारतील, “काय रे, याला हॉल सेन्सर आहे का?”