'रिफिफी' आणि मी सांगितलेलं एक नाव

काल रात्री 'रिफिफी' परत पाहिला. १९५५ चा फ्रेंच सिनेमा, ब्लॅक अँड व्हाइट. पॅरिसमधलं दागिन्यांचं दुकान चौघे मिळून फोडतात. वरच्या फ्लॅटची जमीन खणायची आणि भोकातून छत्री खाली सोडून उघडायची, म्हणजे चुना-माती आवाज न करता तिच्यातच पडते. जवळजवळ अर्धा तास ना संवाद, ना संगीत. आजचे दरोडापट त्यापुढे नुसता गोंगाट वाटतात.

पण खरा सिनेमा नंतर आहे. टोळीतला सीझर जिवाच्या भीतीने साथीदाराचं नाव फोडतो. म्होरक्या टोनी, मनात माया असूनही, त्याला गोळी घालतो. सीझरचं काम खुद्द दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिनने केलंय. हा मूळचा अमेरिकन. १९५१ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्याच्याच व्यवसायातल्या लोकांनी 'कम्युनिस्ट' म्हणून त्याचं नाव घेतलं आणि हॉलिवूडची दारं बंद झाली.

मित्रहो, आमच्या ऑफिसात एकदा निषेधाचं पत्रक फिरलं होतं. साहेबांनी विचारलं, "लिहिलं कोणी?" मी सांगून टाकलं. माझ्यावर कोणी पिस्तूल रोखलं नव्हतं, फक्त बढती तोंडावर होती. त्या माणसाची महिन्याभरात लांब बदली झाली. जाताना तो माझ्याशी हसून बोलला. त्याला ठाऊक होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

नावं मागणारे प्रत्येक काळात असतात हो. त्यांचं काम चालतं ते आपल्यासारख्यांमुळे.

सिनेमा जरूर बघा.