शिटी कुणासाठी?

रेल्वेचे फोटो काढणाऱ्या आम्हा मंडळींची एक लाडकी समजूत आहे: इंजिनाने शिटी दिली, ती आपल्याला पाहून दिली. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत शिटी नसली तर ती अळणी वाटते, असली तर काढणारा महिनाभर मिरवतो. कोकण रेल्वेवर पेडण्याच्या बोगद्याच्या आसपास कॅमेरा लावला की शिटी हमखास मिळते, म्हणून मुंबई-पुण्याकडचे हौशी लोक ती जागा विचारत येतात. पण बोगद्यात शिरताना शिटी द्यायची, हे रेल्वेच्या नियमावलीतच आहे. आपण तिथे असलो काय, चरायला सोडलेली म्हैस असली काय, कुणीच नसलं काय, ती होणारच. रुळाजवळच्या माणसासाठी होते ती शिटी वेगळी. तुटक, लागोपाठ, गाडी जवळ येईल तशी घाईची. ती खरोखर आपल्यासाठी असते आणि तिच्यात चालकाची धास्ती असते.

हा फरक मला एका निवृत्त लोको पायलटनी शिकवला. पेडण्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो ह्यावर घर चालतं; गाड्या ही हौस. सावंतवाडीकडचे हे काका नातवाचे फोटो घ्यायला आले आणि भिंतीवरच्या गाडीच्या फोटोसमोर थांबले. फोटो कसा आलाय ते बोललेच नाहीत. विचारलं, "हो काढताना तू खंय उभो होतंस?" जागा वरच्या रस्त्यावरची होती. ती सांगितल्यावर मगच ते खुर्चीत बसले. म्हणाले, "माका तू दुरसून दिसाक व्हयो. दिसलंस, थंयच उभो रवलंस, की मी तुका इसारलंय. लपलंस नि आयत्या वेळार भायर इलंस, तर पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत तूच माझ्या डोक्यात."

त्यांचं म्हणणं हिशेबात मांडून पाहा. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. आणीबाणीचा ब्रेक मारला तरी ती अर्धा-पाऊण किलोमीटर जातेच. म्हणजे वळणापलीकडे कॅमेरा घेऊन वाकलेला माणूस दिसतो, तेव्हा चालकाच्या हातात शिटीखेरीज फारसं काही उरलेलं नसतं. त्या माणसाला आपल्या पायांवर विश्वास असतो. चालकाला त्या पायांची काहीच माहिती नसते. हा फोटो काढतोय, का जीव द्यायला आलाय, का कानात गाणं घालून उभा आहे, हे काचेपलीकडून कळत नाही. आपल्याला वीसेक सेकंदांची गंमत मिळते, आणि ज्याने आयुष्यात एकदा जरी रुळावरचा माणूस वाचवता न आल्याचं पाहिलं आहे, त्याची रात्र जाते.

पेडण्याच्या बोगद्याची ही जागा म्हणाल तर तेरेखोल नदीचं खोरं. तेरेखोल म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, नदीपलीकडे सिंधुदुर्गाच्या अंगाला चिकटलेला गोव्याचा तुकडा. तिथून समुद्र दिसतो, केरीचा किनारा दिसतो. रूळ दिसत नाहीत. रेल्वे ही नदी ओलांडते ती बरीच आत, मडुरे आणि पेडणे ह्या स्टेशनांच्या मध्ये. गाडी महाराष्ट्रातून गोव्यात येते ती ह्याच टप्प्यात. पाणी, पूल, भाताचे मळे, डोंगर कापून केलेलं लाल मातीचं कटिंग आणि शेवटी बोगद्याचं काळं तोंड: दोन स्टेशनांच्या मध्ये कॅमेऱ्याला याहून अधिक काय हवं? रूळ रोज चालत तपासणाऱ्या कीमनला विचारा. पूल, कटिंग आणि बोगदा ह्या त्याच्या तीन डोकेदुख्या आहेत, आणि त्या तिन्ही एकाच टप्प्यात आल्या आहेत.

पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरच्या आसपास. कोकण रेल्वेवर ह्याच्या चौपट लांबीचा करबुड्याचा बोगदा आहे, पण तो कातळात. इथली माती मऊ, पाणी धरून ठेवणारी. खणलं की वरून खाली बसणारी. हा बोगदा करताना माणसं गेली, आणि बाकी मार्ग तयार असूनही सगळी रेल्वे ह्याच्यासाठी खोळंबली. 26 जानेवारी 1998ला सलग मार्ग सुरू झाला, पण माती आपला स्वभाव विसरली नाही. 6 ऑगस्ट 2020ला पहाटे बोगद्याच्या भिंतीचा भाग ढासळला आणि गाड्या लोंढा-मिरज-पुण्यावरून वळवाव्या लागल्या. जुलै 2024मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल उसळून पुन्हा वाहतूक थांबली.

म्हणून पावसाळ्यात इथली माणसं वेगळी वागतात. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, ते ऑक्टोबरपर्यंत राहतं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की चालकाने वेग ताशी 40वर आणायचा. संपूर्ण मार्गावर सहाशेहून अधिक माणसं गस्तीला असतात. जिथे दरडीची भीती, तिथे रात्रंदिवस. 22 जून 2003च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी तिच्यावर घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. कोकण रेल्वेवरचा कुठलाही ट्रॅकमन ही रात्र विसरत नाही, त्या वेळी तो शाळेत असला तरी.

आणि नेमका हाच आमचा हंगाम. धुकं, हिरवा डोंगर, ओला रूळ, पुढच्या दिव्याचं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. चवथीला जादा गाड्या सुटतात, एरवी न दिसणारी इंजिनं येतात, तेव्हा तर हौशी लोकांची झुंबड. रेल्वेवाल्याला त्या दिवसांत रजा नाही. घरी मखर सजतंय आणि हा भिजत कटिंगमधून चाललाय. तेवढ्यात पुलावरून कुणीतरी ओरडतो, "ओ दादा, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय!" हे मी कानांनी ऐकलं आहे. खडी भरणाऱ्या गँगमधला एक जण मान वर न करता म्हणाला, "आमी बाजूक झालंव तर तुमची गाडी येवची नाय."

आम्ही हौशी आणि रेल्वेवाले ह्यांच्यातल्या वैराचं मूळ मला ह्या वाक्यात दिसतं. नियम आहेतच. रेल्वे कायद्याच्या 147व्या कलमाखाली रुळावर विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ट्रॅकमनला कलम नंतर आठवतं. त्याला आधी डाचतं ते हे की, ज्या जागेवर तो घाम गाळतो तिथे त्यालाच कुणी उपरा ठरवतोय.

दुसरं कारण कॅमेऱ्याचंच. रेल्वेच्या नोकरीत फोटो हा पुरावा असतो. चालकाने प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्याने उच्चारायचा. त्याच क्षणी तो पाणी पीत असला आणि तुम्ही टिपलंत, तर साहेबांसमोर खुलासा त्यालाच द्यावा लागेल. पहाटेपासून राबलेली गँग झाडाखाली डबा खात बसली. तुमच्या चित्रफितीखाली कुणीतरी लिहितो, सरकारी माणसं कामं करत नाहीत. ड्यूटीवर मोबाइलला बंदी असलेल्या माणसाने कानाजवळ हात नुसता नेला तरी फोटोत तो मोबाइल वाटू शकतो. म्हणून "फोटो नको" हे ज्याला आम्ही उद्धटपणा म्हणतो, ते बहुतेक वेळा पोटाची काळजी असते.

आमचीही बाजू आहे. एका स्टेशनावर तिकीट खिशात असताना, पिवळ्या रेषेच्या पुष्कळ मागे उभा असताना मला हटकलं गेलं आहे, निव्वळ लेन्स मोठी म्हणून. बाजूला चार पोरं फलाटाच्या काठावर पाय सोडून मोबाइलवर सेल्फी घेत होती, त्यांना कुणी काही बोललं नाही. धोका यंत्राच्या आकारावरून ठरवला की असं होतं. कुठे उभं राहावं, काय चालतं, काय नाही, हे साध्या मराठी-कोंकणीत एका पानावर लिहून स्टेशनात लावलं, तर निम्मी भांडणं मिटतील. इंग्लंडात नेटवर्क रेल हौशी लोकांसाठी अशा सूचना काढते: पिवळ्या रेषेच्या मागे राहा, फ्लॅश वापरू नका, इतरांची वाट अडवू नका. अर्थात पानाने सगळं भागत नाही. त्याच इंग्लंडात फेब्रुवारी 2016मध्ये 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे दुरुस्त केलेलं वाफेचं इंजिन पुन्हा धावलं, तेव्हा फोटोसाठी लोक रुळांवर उतरले आणि गाडी थांबवावी लागली. जपानमध्ये 2010च्या फेब्रुवारीत ओसाकाजवळ एका खास गाडीसाठी हौशी छायाचित्रकार रुळांत घुसले आणि इतर गाड्या खोळंबल्या. आपल्याकडे जुलै 2023मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो लोकांना रेल्वे पोलिसांनी अडवलं, काहींना उठाबशा काढायला लावल्या, आणि धबधबा डब्यात बसूनच पाहा असं रेल्वेने बजावलं. उठाबशांनी कुणी शहाणा होतो असं मला वाटत नाही. पण दूधसागरच्या घाटात गाड्या अडकल्या तर काय होतं, हे पायथ्याच्या कुळे स्टेशनच्या मास्तरला विचारावं.

मला कळलेली गोष्ट अशी, की ही शिस्त फोटोग्राफीच्या बाहेरची नाही. ती लेन्सपासून सुरू होते. रुंद कोनाची लेन्स माणसाला रुळाकडे ओढते, कारण तिच्यात गाडी मोठी दिसायला जवळ जावंच लागतं. 200 मिलिमीटरची लेन्स लावा, तुम्ही आपोआप शेताच्या बांधावर, रस्त्यावर, नदीकाठी जाता. तिथून डोंगर गाडीच्या पाठीशी येतो, वळण घट्ट होतं, आणि चालकाच्या नजरेत तुम्ही एक शेतकरी असता. समोरून येणाऱ्या गाडीला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. आडव्या जाणाऱ्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा तर साठावा भाग. पावसात प्रकाश कमी, म्हणून हात ताठ ठेवायचा, फ्लॅशला हात लावायचा नाही. गडद काळोखात डोळ्यांवर आलेला झोत चालकाला पुढचा सिग्नल शोधू देत नाही.

2022 साली इथे विजेची इंजिनं आली. डिझेलचा धूर आणि घरघर गेली म्हणून आम्ही हळहळलो, आता फोटोत खांब आणि तारा येतात म्हणून कुरकुरलो. एका कीमननी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, डिझेल दुरून ऐकू यायचं. ही गाडी पाठीशी येईपर्यंत कळत नाही. गेलेल्या आवाजाचं आम्हाला दुःख होतं, आणि त्यांना त्यामुळे दर काही पावलांनी मागे वळून पाहावं लागत होतं. त्या दिवसानंतर चालू कामाच्या जागेजवळ मी कॅमेरा काढतच नाही. आधीच मागे-पुढे बघणाऱ्या माणसाला आणखी एक बघण्याची वस्तू कशाला?

आता मी ट्रॅकमनला फ्रेमबाहेर काढत नाही. काम थांबलेलं असताना विचारतो, हो म्हटलं तर त्याच्या हातोड्यासकट, नारिंगी जाकिटासकट घेतो, नको म्हटलं तर थांबतो. फोटो कुठेही टाकण्याआधी त्याला दाखवतो आणि एक प्रत छापून देतो. गंमत अशी की ही माणसं फोटोत गाडी बघतच नाहीत. मोबाइलवर बोटांनी मोठा करून कटिंगच्या पायथ्याशी जातात. "ह्या गटार तुंबलला दिसता." "हंयची खडी खंय गेली?" एकदा तर फोटोतला उतारावरचा ओला पट्टा दाखवून एकाने दुसऱ्याला विचारलं, हा कालपरवा होता काय रे, आणि दोघे तसेच उठून तिकडे चालू लागले.

माझ्या फोटोंची निवड तेव्हापासून मी ह्याच कसोटीवर करतो. "बरो इलो" म्हणून ट्रॅकमननी फोटो परत हातात दिला, तर तो दुकानाच्या भिंतीला ठीक आहे. तो हातात धरून ते रुळाबद्दल बोलू लागले, तर तो मी जपून ठेवतो.